प्रेक्षक आणि निरीक्षक : रायपूर दक्षिणच्या पोटनिवडणुकीतील साक्षीचा प्रश्न

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ या कायद्यातील कलम २०-ख हिंदी पाठात वाचणारा मराठी वाचक पहिल्याच शब्दापाशी थबकतो. निवडणूक आयोगाने मतदारसंघावर देखरेखीसाठी पाठवलेल्या अधिकाऱ्याला तेथे 'प्रेक्षक' म्हटले आहे. महाराष्ट्रात त्याच अधिकाऱ्याला 'निरीक्षक' म्हणतात. दोन्ही शब्द 'ईक्ष्' या एकाच धातूपासून आलेले आहेत. उपसर्ग तेवढा निराळा. परंतु मराठी भाषाव्यवहारात या दोन शब्दांमध्ये केवढे तरी अंतर पडले आहे. मराठीतला प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीत बसतो, टाळी देतो, प्रयोग पडला तर मध्यंतरातच उठून जातो. नाटकाच्या संहितेत हात घालण्याचा अधिकार त्याला नाही. निरीक्षक मात्र दप्तर तपासतो, शेरा लिहितो, आणि त्याच्या शेऱ्याचे परिणाम होतात. हिंदीत नाटकाच्या प्रेक्षकाला बहुधा 'दर्शक' म्हटले जाते, म्हणून तेथे हा घोटाळा होत नाही. तरीही निवडणुकीचे निरीक्षण करणारा माणूस नेमका कोण, पाहणारा की तपासणारा, हा प्रश्न शब्दाच्या या अपघाताने जितका स्पष्ट होतो तितका तो कायद्याच्या भाष्यग्रंथांतूनही होत नाही.

'पोटनिवडणूक' हा शब्दही असाच बोलका आहे. हिंदीतील 'उपचुनाव' हे सरळ 'उप' लावून केलेले रूप आहे. मराठीने पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू या कुळातला उपसर्ग निवडला. मोठ्या निवडणुकीच्या पोटात राहिलेली, तिच्यातूनच निघालेली ही निवडणूक असते. सरकार सहसा तिने बदलत नाही. म्हणूनच तिच्याकडे कोणी बारकाईने पाहत नाही, आणि म्हणूनच भारतातील निवडणूक-निरीक्षणाच्या इतिहासातले कितीतरी कळीचे प्रसंग नेमके पोटनिवडणुकांत घडलेले आहेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे अशी एक पोटनिवडणूक झाली. १९९० पासून सलग आठ वेळा विधानसभेवर निवडून गेलेले बृजमोहन अग्रवाल जून २०२४ मध्ये रायपूरमधून लोकसभेवर गेले, त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि रायपूर नगर दक्षिण हा मतदारसंघ रिकामा झाला. १९९६ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५१-क रिक्त जागा सहा महिन्यांत भरण्याचे बंधन घालते. त्यानुसार १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला, १३ नोव्हेंबरला मतदान आणि २३ नोव्हेंबरला मोजणी. रायपूरचा सदर बाजार याच मतदारसंघात येतो.

सदर बाजार म्हणजे जुन्या रायपूरची सराफी पेठ. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पेढ्या, वर राहती घरे, पलीकडे गोल बाजार, जवळच बूढापारा आणि त्याचा तलाव. मराठी अभ्यासकाला हा परिसर परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला, आणि १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रायपूरला हलवले. त्यानंतरही नागपूरशी असलेली नाळ तुटली नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रायपूरने निवडून दिलेले आमदार नागपूरच्या विधानसभेत बसत होते आणि ही व्यवस्था १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत टिकली. म्हणजे रायपूरचा मतदार स्वतंत्र भारतात प्रथम ज्या विधिमंडळासाठी मत देऊन आला, ते आज महाराष्ट्राची उपराजधानी असलेल्या शहरात भरत होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात भाषिक सीमा हे गृहीत धरले जाते. रायपूरसारख्या गावी ती सीमा किती उशिरा आखली गेली याचे भान ठेवावे लागते.

२०२४ च्या त्या कार्यक्रमात एक गंमत होती. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आली. उमेदवारी मागे घेण्याची मुदत तिच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. सराफी पेठेचा वर्षातला सर्वांत मोठा सण आणि निवडणूक-निरीक्षणाची सर्वांत कडक यंत्रणा या दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत एकाच आठवड्यात आल्या. निवडणूक काळात पन्नास हजार रुपयांहून अधिक रोकड बाळगणाऱ्याला तिच्या उगमाचे कागद दाखवावे लागतात; भरारी पथके, स्थिर पथके आणि चित्रीकरण पथके खर्च-निरीक्षकाला बांधलेली असतात. मुलीच्या लग्नासाठी पाटल्या घ्यायला निघालेला बाप आणि मतदारांना वाटायला पैसे घेऊन निघालेला माणूस यांच्या पिशव्या बाहेरून सारख्याच दिसतात. त्यातही राजधानीतील किंवा महानगरपालिकेच्या हद्दीतील मतदारसंघात पोटनिवडणूक असेल, तर आचारसंहिता त्या मतदारसंघापुरतीच लागू करण्याचा आयोगाचा दंडक आहे. त्यामुळे एकाच शहरात संहितेच्या आतले आणि संहितेच्या बाहेरचे असे दोन भाग पडतात. 'संहिता' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांनी पाठ्य या अर्थाने रुळवला आहे. येथे ती एखाद्या रस्त्याच्या मध्यभागी संपते.

निरीक्षकाला हे अधिकार कसे मिळाले, याचा इतिहास पोटनिवडणुकांतून जातो. जून १९८१ मध्ये गढवाल लोकसभा मतदारसंघात हेमवतीनंदन बहुगुणा उभे असलेली पोटनिवडणूक आयोगाने संपूर्ण रद्द ठरवली. आयोगाच्या संमतीविना बाहेरच्या राज्यांतील पोलीस मतदारसंघात आणले गेले होते. फेरमतदान व्हायला मे १९८२ उजाडले, आणि बहुगुणा निवडून आले. फेब्रुवारी १९९० मध्ये हरियाणातील मेहम विधानसभा मतदारसंघात मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांच्यासाठी पोटनिवडणूक झाली. हिंसा आणि मतदान-केंद्रे बळकावण्याचे प्रकार इतके झाले की आयोगाला ती रद्द करावी लागली, आणि पुढे ठरलेले मतदानही एका उमेदवाराच्या हत्येमुळे होऊ शकले नाही. याच वर्षाच्या अखेरीस टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्या सहा वर्षांत आयोगाचा निरीक्षक हा जिल्हा प्रशासनाने धास्ती घ्यावी असा माणूस बनला. १९९६ मध्ये कलम २०-ख कायद्यात आले तेव्हा प्रथेला केवळ अक्षररूप मिळाले असे नव्हे, तर तिला हात मिळाले : मतदान-केंद्रे बळकावली गेली, किंवा मतपत्रिका वा यंत्रे बेकायदा हिसकावली, नष्ट केली वा बिघडवली गेली असे निरीक्षकाचे मत झाले, तर निर्वाचन अधिकाऱ्याला मोजणी थांबवण्याचा किंवा निकाल जाहीर न करण्याचा आदेश तो देऊ शकतो. प्रेक्षकाने पडदा पाडण्याची ही तरतूद आहे.

पण हा अधिकार कोणत्या दृश्यांसाठी दिलेला आहे तेही पाहिले पाहिजे. कायद्याने योजलेली सर्व दृश्ये डोळ्यांना दिसणारी आहेत : पेटी पळवणे, यंत्र फोडणे, केंद्र ताब्यात घेणे. कायदा मेहम पाहून लिहिला गेला. मेहमसारखे जे नव्हते, त्याच्यासाठी निरीक्षकाच्या हाती अहवालाचा कागद तेवढा राहिला.

निरीक्षकाच्या स्वातंत्र्याची भारतीय कल्पनाही लक्षात घेण्यासारखी आहे. तो सरकारी अधिकारी असतो, पण दुसऱ्या राज्यातला. त्याला उमेदवार ओळखत नाहीत, व्यापारी ओळखत नाहीत, कोणत्या गल्लीत कोणाचा शब्द चालतो हे त्याला ठाऊक नसते. आणि हे ठाऊक नसणे हीच त्याची पात्रता मानली जाते. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय निवडणूक-निरीक्षणाची तत्त्वे जाहीर झाली, त्यांतही निःपक्षपातीपणावर भर आहे; परंतु तेथे निरीक्षक परदेशी आणि सरकारबाह्य असणे अपेक्षित असते. भारताने परकीय निरीक्षकांना आपल्या निवडणुकीचे प्रमाणपत्र देणारे कधी मानले नाही, पाहुणे म्हणून मात्र बोलावले. याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते : भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानच्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भूषवले होते. दुसऱ्याच्या घरी साक्षी म्हणून जाणाऱ्याने आपल्या घरी मात्र परप्रांतीयावरच भागवले. देश मोठा असल्यामुळे हे भागलेही. केरळातला अधिकारी छत्तीसगडात जवळजवळ परदेशीच असतो.

या परकेपणाची किंमत भाषेच्या बाजूने मोजावी लागते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठीतले आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेचे पुरस्कृत उमेदवार डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी निवडणूक याचिका दाखल केली. तिचा गाभा कोणत्याही मतपेटीत नव्हता. तो २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या तीन मराठी भाषणांत होता. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्माच्या नावाने मते मागितल्याच्या कारणावरून निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकालपत्रात ती भाषणे इंग्रजी भाषांतराच्या रूपाने वाचली जातात. ज्या निवडणुकीत एका मताचीही अफरातफर झाली असे कोणी म्हटले नव्हते, ती केवळ शब्दांच्या अर्थावर रद्द झाली. कोणता शब्द श्रोत्यांपर्यंत कोणत्या अर्थाने पोहोचला हे ठरवायला आठ वर्षे लागली, आणि तोपर्यंत त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. या प्रकरणात निरीक्षकाची भूमिका अखेर कोणी पार पाडली? हरलेल्या प्रतिस्पर्ध्याने. जो सर्वांत कमी तटस्थ, त्यानेच ऐकलेले जपून ठेवले. मराठी न जाणणारा अत्यंत प्रामाणिक अधिकारी त्या सभेच्या पहिल्या रांगेत बसला असता, तर त्याला ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि सभा संपल्याची वेळ यांपलीकडे काय नोंदवता आले असते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवा.

दुसरे उदाहरण छत्तीसगडमधीलच आहे आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०१४ मध्ये विक्रम उसेंडी कांकेरमधून लोकसभेवर गेल्याने अंतागड ही अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा रिकामी झाली. १३ सप्टेंबरच्या मतदानापूर्वी, उमेदवारी मागे घेण्याच्या मुदतीतच, काँग्रेसचे उमेदवार मंतूराम पवार यांनी माघार घेतली. इतर बहुतेकांनीही माघार घेतली आणि मैदानात दोघेच उरले. भाजपचे भोजराज नाग पन्नास हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर उरलेला उमेदवार नव्हता, तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय होता, त्याला तेरा हजारांहून अधिक मते पडली. डिसेंबर २०१५ मध्ये काही ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या आणि माघारीमागे पैशाचा व्यवहार असल्याचा आरोप झाला. संबंधितांनी तो नाकारला, राज्याच्या राजकारणात त्यावरून उलथापालथ झाली, २०१९ मध्ये रायपुरात गुन्हाही नोंदवला गेला. आरोपाचे खरेखोटे हा येथे विषय नाही. विषय असा की माघारीचा अर्ज हा पूर्णतः वैध कागद आहे. तो विहित नमुन्यात, विहित वेळेत, विहित अधिकाऱ्यापुढे सादर होतो. निरीक्षकासमोर घडलेली प्रत्येक गोष्ट नियमाला धरून होती. मतदानाच्या दिवशी केंद्रावर केंद्र फिरणाऱ्याला तेथे काहीही आढळले नसते. त्या पोटनिवडणुकीविषयीचे सर्वांत स्पष्ट निरीक्षण मतदारांनी स्वतःच नोंदवले, आणि तेही कोणीही नको अशा कळीवर बोट ठेवून.

रायपूर दक्षिणमध्ये असे काही घडले नाही. तेथे उलट गर्दी होती : तीस उमेदवार, म्हणजे प्रत्येक केंद्रावर दोन मतदान-एकके. लढत मात्र दोघांतच होती, माजी महापौर आणि माजी खासदार सुनील सोनी व काँग्रेसचे आकाश शर्मा यांच्यात. उमेदवारांची ही संख्या निरीक्षणाच्या दृष्टीने निरर्थक नसते. प्रत्येक उमेदवाराला मतदान-केंद्रावर आपला प्रतिनिधी बसवण्याचा हक्क असतो, आणि केंद्रावरचे खरे निरीक्षण हाच प्रतिनिधी करतो. तो स्थानिक असतो. मतदाराला चेहऱ्याने ओळखतो. मयत माणसाच्या नावावर कोणी आले तर तोच आक्षेप घेतो. सकाळी प्रत्यक्ष मतदानापूर्वी जे चाचणी-मतदान होते त्यावर तो सही करतो, आणि संध्याकाळी नमुना १७-ग वर पडलेल्या मतांचा आकडा लिहिला जातो त्याची प्रत त्याच्या हाती दिली जाते. तो पक्षपाती आहे हे सर्वांना ठाऊक असते. कायद्याने त्याच्या पक्षपातालाच कामाला लावले आहे. एकमेकांवर संशय असलेल्या दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या की तो कागद विश्वासार्ह ठरतो, असे या रचनेचे गृहीत आहे. बाहेरून आलेला निरीक्षक तटस्थ पण अनोळखी, आतला प्रतिनिधी जाणता पण पक्षपाती, आणि खरी साक्ष या दोघांच्या मध्ये कोठेतरी. सदर बाजारात ज्या पेढीवर तराजूचा काटा रोज दोन्ही पक्षांच्या देखत स्थिरावतो, तेथे ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नसावी.

रायपूरच्या मराठी परंपरेत या कोंडीचे एक जुने वाङ्मयीन रूप सापडते. मराठी घरात जन्मलेले माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले; ते आरंभी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले जाई, आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सहकारी होते. मासिक तीनच वर्षे चालले, पण त्यातील ग्रंथपरीक्षणांनी हिंदी समालोचनेचा पाया घातला असे मानले जाते. सप्रे यांचे स्थान दुहेरी होते : भाषेने ते थोडे बाहेरचे, वास्तव्याने पूर्णतः आतले. हिंदी ग्रंथकारांच्या गोतावळ्यात त्यांना नातीगोती सांभाळायची नव्हती आणि हिंदी मात्र त्यांना मुरलेली होती. निवडणूक आयोगाला हवा असलेला परका आणि विलेपार्ल्यात हवा असलेला जाणता श्रोता, हे दोघे एका माणसात एकत्र येण्याचा हा विरळा योग होता. तो नेमणुकीच्या आदेशाने घडवता येत नाही.

नागरिकांच्या बाजूने झालेल्या निरीक्षणाने वेगळीच वाट धरली. मतदान-केंद्रावर जाण्याऐवजी त्याने कागद वाचायला घेतले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निर्णय दिला आणि मार्च २००३ मध्ये तो अधिक पक्का केला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. हे शपथपत्र आत्मचरित्राचा सर्वांत रुक्ष प्रकार म्हणावा असे आहे : प्रथमपुरुषी, कालबद्ध, शपथेवर लिहिलेले, आणि लेखकाला नको असलेल्या गोष्टींचीच विचारणा करणारे. सोन्याचे वजनही त्यात लिहावे लागते. पोटनिवडणुकीत अशी शपथपत्रे थोडीच असल्याने ती सावकाश वाचता येतात, हा एक फायदा.

रायपूर दक्षिणचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. मतदान जेमतेम पन्नास टक्क्यांच्या वर गेले होते. सुनील सोनी यांना ८९,२२० आणि आकाश शर्मा यांना ४३,०५३ मते मिळाली, मताधिक्य ४६,१६७. वर्षभरापूर्वी, २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, बृजमोहन अग्रवाल यांना १,०९,२६३ आणि काँग्रेसचे महंत रामसुंदर दास यांना ४१,५४४ मते होती. हे आकडे शेजारी ठेवले की वृत्तपत्रांच्या मथळ्यांत न आलेली एक गोष्ट दिसते. हरणाऱ्या पक्षाची मते १,५०९ ने वाढली. जिंकणाऱ्या पक्षाची २०,०४३ ने घटली. म्हणजे दोन प्रमुख पक्षांपुरते पाहिले तर घट सगळी विजेत्याच्या बाजूची आहे. ही मते व्यक्तीला होती आणि व्यक्ती गेल्यावर घरी राहिली, की विजय ठरलेलाच आहे म्हणून मतदार पेठेतून उठला नाही, हे कोणताही निरीक्षक सांगू शकत नाही. न आलेल्या माणसाची नोंद ठेवणारा नमुना निवडणूक नियमांत नाही.

निकालानंतर निवडणूक याचिकेसाठी पंचेचाळीस दिवस असतात. रायपूर दक्षिणसाठी ती मुदत ७ जानेवारी २०२५ रोजी संपली. ती चालू असतानाच, २० डिसेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ मध्ये दुरुस्ती केली आणि नागरिकांना पाहता येतील असे कागद नियमांत नाव घेतलेल्या कागदांपुरतेच मर्यादित केले; केंद्रांवरील चित्रीकरणासारखा इलेक्ट्रॉनिक ऐवज त्यातून वगळला गेला. मे २०२५ च्या अखेरीस आयोगाने राज्यांना कळवले की याचिका नसेल तर असे चित्रीकरण पंचेचाळीस दिवसांनंतर नष्ट करावे. चित्रफितींचा गैरवापर होतो, मतदाराची गुप्तता धोक्यात येते, हे आयोगाने दिलेले कारण अगदीच पोकळ नाही. पण इतिहासकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की यापुढील पोटनिवडणुकांत डोळ्याने पाहिलेले सर्व लवकर पुसले जाईल आणि हाताने लिहिलेले तेवढे उरेल. सदर बाजारातील केंद्रांच्या बाबतीत आज कोणालाही मागता येण्याजोगा ऐवज म्हणजे नमुना २० : केंद्रनिहाय मतांचा तक्ता, तीस नावे, एक 'कोणीही नाही', आणि तळाशी निर्वाचन अधिकाऱ्याची सही. निरीक्षकाचा अहवाल दिल्लीत आयोगाकडे जातो. त्यात त्या धनत्रयोदशीच्या गल्लीचा उल्लेख असेलच असे नाही.